नाव ठेवणं

वाल्दिविया. नदीकाठचं सभागृह. खिडकी उघडली
की मासळीबाजारातले समुद्रसिंह ओरडतात,
नेमके कुणाच्या तरी निष्कर्षावर.
दक्षिण विभागाची वनस्पतिशास्त्र परिषद, दुसरा दिवस, दुपारचे साडेतीन,
सफरचंदाचा कुखेन खाऊन जडावलेली माणसं.
माझ्या हातात दोन पुठ्ठे:
पिवळा म्हणजे दोन मिनिटं उरली,
लाल म्हणजे पुरे.
एरवी मी काचघरात असते. माती, ट्रे, पाणी, गोगलगायी.
वेळ राखायला कुणी मिळेना म्हणून मला बसवलं.

इस्माएल बार्रीया उभा राहिला. केयोनचा पोरगा,
कोट थोरल्या भावाचा, बाह्या बोटांवर येणाऱ्या.
पडद्यावर दोन रोपं. डावं साधं.
उजव्यातून एक जनुक काढून टाकलेलं.
"उंची सारखी," तो म्हणाला. "पानं सारखी.
मीठ घातलं, सारखी. अंधारात कोंडली, तरी सारखी.
फुललीसुद्धा एकाच मंगळवारी."
मागच्या रांगेत कुणी हसलं, खोकल्यासारखं.

या लोकांची एक रीत आहे, मला बारा वर्षांनी उमगलेली.
जनुक घालवायचं, झाडाचं काय बिघडतं ते बघायचं,
आणि त्या बिघाडाचंच नाव त्याला द्यायचं.
ज्याच्यावाचून रोप खुरटतं, ते 'खुजं'.
ज्याच्यावाचून पानावर लव येत नाही, ते 'टक्कल'.
म्हणजे ज्यानं उंची दिली
त्याला जन्मभर बुटक्या म्हणून हाक मारायची.
आमच्या वाड्यांवरही असंच असतं,
नाव ठेवायला बसतात आणि नावं ठेवून उठतात.
आणि ज्याच्या जाण्यानं काहीच अडत नाही
त्याला नावही नाही. आकडा.

मी पिवळा पुठ्ठा वर केला. तो भराभर बोलू लागला,
शेवटचे तीन आलेख एका श्वासात,
मग आभार. यादीत मी सहावी,
आडनावात एक अक्षर जास्त.

कॉन्सेप्सियॉनच्या ओर्तुसारबाईंनी हात वर केला.
"काहीच उपयोग नाही, तर झाडानं ते
इतकी लाख वर्षं सांभाळलं कशाला?"
"माहीत नाही," इस्माएल म्हणाला,
आणि माझ्याकडे बघितलं, लाल पुठ्ठ्याकडे.
अजून चाळीस सेकंद होती.
मी पुठ्ठा मांडीवरच ठेवला.
चाळीस सेकंद सगळ्यांनी समुद्रसिंह ऐकले.

कॉफीच्या रांगेत तो माझ्या मागे आला.
"दोन्या नेली, जूनमध्ये हीटर बंद पडला त्या रात्री
तुम्ही होतात ना? तेव्हा तरी काही वेगळं?"
मला खरंच सांगायचं होतं काहीतरी.
पण दोन्ही रोपं बरोबरच माना टाकून पडली होती
आणि नऊच्या सुमारास बरोबरच उठली.
तेच सांगितलं.
त्यानं तीन चमचे साखर घातली आणि ढवळायला विसरला.

ऑगस्टमध्ये माझी गाठ काढली. तीन आठवडे मी घरी,
लाकडाच्या शेगडीपाशी, पोटावर उशी धरून.
परत आले तर ट्रे ओले, पट्ट्या सरळ,
गोगलगायी वेचलेल्या.
हाच करत होता सगळं. म्हणाला,
"काही अडलं नाही, दोन्या नेली,"
मला बरं वाटावं म्हणून. वाटलंही.
फक्त पाण्याचा पाइप उलट्या बाजूनं गुंडाळलेला होता.
मी तो पुन्हा माझ्या पद्धतीनं गुंडाळला
आणि कुणाला बोलले नाही.

सोमवारी परिषद संपली होती, पाट्या उतरवल्या होत्या.
काचघरात नेहमीसारखं पाणी घातलं,
आधी डाव्याला की उजव्याला, आता आठवत नाही.
उजव्या कुंडीतल्या पट्टीवरचा आकडा
पाण्यानं पुसट झाला होता.
पेन्सिल जिभेवर ओली केली
आणि तो गिरवला,
सातही अंक,
जरा दाबून.